सहीची मुदत

नागरिकशास्त्र मी तीस वर्षे शिकवले. विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांच्या सहीने कायदा होते, एवढे सांगून मी पुढच्या धड्याकडे वळत असे.

परवा एक जुना विद्यार्थी विश्रामबागेत घरी आला. त्याचे गाव धरणात गेले. पर्यायी जमिनीचे विधेयक संमत होऊन राज्यपालांकडे पडून आहे. त्याच्या वडिलांना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले आहे.

“आवं गुरुजी, सही किती दिसांत करायची, ते तुमी शिकवलंच न्हाई. आबा रोज इचारत्यात.”

मी राज्यघटना काढून कलम दोनदा वाचले. त्यात दिवसांचा आकडा नव्हता.

“मग आबांस्नी काय सांगू?”

“सही झाली म्हणून सांग.”

विद्यार्थ्याला जाणूनबुजून खोटे उत्तर मी प्रथमच दिले. ते घेऊन तो आबांकडे निघाला.