मावशीचा ताजा बेल

आमच्या चाकूरला वर्षाराणीच्या झोपेच्या गोष्टी सांगायला बसलं तर हातातला चहा थंड होतो. एकदा सोयाबीनच्या पोत्यांवर बसून ती बाजारात निघाली. ट्रॅक्टर वजनकाट्यावर उभा राहिला, तोलाईवाला ओरडला, तरी हिची झोप मोडली नाही. शेवटी पोत्यांबरोबर तिचंही वजन झालं.

तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. ती मला काकू म्हणते. पोलीस भरतीसाठी पळायला जायचं म्हणून ती मोबाईलवर चारचा गजर लावायची आणि आवाज मोठा यावा म्हणून मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवायची. त्या गजरानं मी उठायचे, माझी अंघोळ, देवपूजा व्हायची, समोरच्या घरातले म्हातारबुवा उठायचे. एक ती सोडून सगळी गल्ली उठायची. तिची आई साखराबाई पाणी शिंपडायची, तर ती गोधडीला तोंड पुसून कूस बदलायची. हाक मारली की झोपेतच ठणठणीत आवाजात म्हणायची, "उठले की." वर तो आवाज इतका जागा, की कुणीही फसावं.

गेल्या भरतीत साखराबाई तशीच फसली. लातूरला पहाटे पाचला हजर व्हायचं होतं. गावातल्या चार मुलींनी मिळून जीप केली. तीनला जीप दारात आली, साखराबाईनं हिला ओढून न्हाणीघरात ढकललं आणि भाकरी बांधायला घेतली. न्हाणीघरातून आवाज आला, "आले, आले. तुम्ही व्हा पुढं." जीपवाल्यानं दहा मिनिटं हॉर्न वाजवला. मग बाकीच्या मुली रडकुंडीला आल्या आणि जीप निघून गेली. साखराबाईनं दार ढकललं तर पोरगी न्हाणीतल्या दगडावर बसून, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेली. मिळेल त्या गाडीनं लातूरला पोचली तेव्हा सात वाजून गेले होते. फाटक बंद.

आता एकच भरती तिच्या वयात बसत होती. तिचे वडील लिंबाजीभाऊ तसे गरीब माणूस, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, यंदा नाही झालं तर उन्हाळ्यात लग्न. पोरगी पळण्यात वाऱ्यासारखी होती. अडत होतं ते फक्त उठण्यात.

आमच्या गल्लीच्या तोंडाला गौरम्मा मावशींचं किराणा दुकान आहे. माहेर उदगीरकडचं, म्हणून पोरीबाळींना कानडीत यव्वा म्हणतात. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. श्रावण संपला तेव्हा एक दिवस वर्षाराणी साबण आणायला गेली, तर मावशी गुडघा चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, महादेवाच्या देवळापाशी बेलाचं झाड आहे, आता तिथवर चालवत नाही. तू तसंही पळायला जातेस, तर येताना ताजा बेल आणत जा. साडेपाचपर्यंत आण, मग मी पूजेला बसेन. वर्षाराणीनं मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

दुसऱ्या दिवशी ती उठली सव्वाआठला. जांभया देत, केस बांधत दुकानावर गेली. दुकान अर्धंच उघडलेलं. आत मावशी चटईवर बसलेल्या, कपाळाला विभूती, समोर ताट मांडलेलं, आणि ताटात बेलाची जागा रिकामी. ओठ कोरडे पडलेले. त्यांचे यजमान गुरुबसप्पा गल्ल्यापाशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "सकाळपासून घोटभर पाणी न्हाई घेतलं. साखरेच्या दुखण्याची गोळीबी न्हाई."

मावशींनी वर पाहिलं. "आलीस? आण."

वर्षाराणीच्या हातात काहीच नव्हतं.

ती तशीच वळली आणि पळाली. मी दारात रांगोळी घालत होते, माझ्यासमोरून गेली. ओढणी सोडून दिलेली, पायात घरातली चप्पल. पुढं एक चप्पल रस्त्यातच राहिली. तीन वर्षं ती भरतीसाठी पळत होती, पण असं पळताना मी तिला पहिल्यांदा बघितलं. बेल घेऊन आली तेव्हा धाप लागून बोलता येत नव्हतं. मावशींनी बेल धुतला, लिंग तळहातावर घेतलं, वीस मिनिटं शांतपणे पूजा केली. मग पाणी प्याल्या. गोळी घेतली. चहा केला आणि अर्धा तिला दिला. रागाचा एक शब्द नाही. दोन शब्द बोलल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं, असं ती मला नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पावणेसहाला बेल घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी साडेपाचला. मला तर विश्वासच बसेना. भिंतीपलीकडं गजर वाजायचा आणि लगेच बंद व्हायचा. अकराव्या दिवशी मात्र घात झाला. रात्री बारापर्यंत मोबाईल बघत बसली आणि सात वाजवले. मावशी तशाच बसलेल्या, तसेच ओठ कोरडे. "आलीस? आण."

त्या दिवसापासून मोबाईल रात्री नऊला साखराबाईच्या उशाखाली जायला लागला. वर्षाराणी पळायचे कपडे घालूनच झोपायची, बूट उशाशी. मी विचारलं, तर म्हणाली, "काकू, गजर ऐकू येतच न्हाई अजून. पण डोळ्यासमोर मावशीचे ओठ येतेत. मग झोप कशी लागंल?"

आता मी थोडीफार पूजाअर्चा करणारी बाई. मला एक गोष्ट खटकत होती. दुकानात कुणी नव्हतं तेव्हा मी मावशींना म्हटलं, बेल तर शिळा होत नाही. एकदा आणलेला आठवडाभर चालतो, धुऊन पुन्हा वाहिला तरी देवाला चालतो. मग रोज उपाशी का बसायचं? मावशींनी आधी रस्त्यावर नजर टाकली.

"गप बस, बाई. पोरीच्या कानावर जाऊ देऊ नको."

मी गप बसले. पाच महिने गप बसले.

यंदा तिनं नांदेडला अर्ज भरला होता. पहाटे साडेचारला मैदानावर हजर व्हायचं. घरी जनावरं, म्हणून साखराबाईला येता येईना, मी सोबत निघाले. निघताना मावशींनी तिला दुकानात बोलावलं. म्हणाल्या, उद्या बेलाचं मी बघते. तू मैदानावर पोचलीस की फोन कर. फोन आला की पूजेला बसते.

आम्ही गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात उतरलो. संध्याकाळी वर्षाराणीला महादेवाला बेल वाहायचा होता, म्हणून बाजारात फुलवालीकडं गेलो. सवयीप्रमाणं हिनं विचारलं, ताजा आहे का?

फुलवाली पाणी मारता मारता हसली. "आजचाच हाय, ताई. अन् चार दिवसांचा असला तर काय? बेल कदी शिळा व्हतो का?"

वर्षाराणीनं माझ्याकडं पाहिलं. मी शेजारच्या नारळांकडं बघायला लागले.

देवळात बेल वाहिला. आल्यावर ती जेवली. नऊला चादर ओढून झोपली. मला मात्र झोप येईना. पाच महिने जी गाठ तिला उठवत होती, ती नेमकी आज सुटली. गजर मी तीनचा लावला होता, पण गजरानं ती कधी उठली आहे? आणि तिला हलवून उठवणं माणसाच्या हातचं नाही, हे मी भिंतीपलीकडून पंधरा वर्षं ऐकलेलं. देवाचं नाव घेत पडून राहिले. मग माझाच डोळा लागला.

जाग आली ती गजरानं. हात लांबवला तर शेजारची गादी रिकामी. पहिला विचार न्हाणीघराचाच आला. धावत गेले, दार ढकललं. कुणी नाही. वळले तर ती बाहेर पायरीवर बसलेली. केस बांधलेले, कागदांची पिशवी मांडीवर, बुटाची नाडी आवळणं चाललेलं.

"कधी उठलीस?"

"अडीचला."

माझ्या तोंडून गेलं, "अगं, तुला तर काल कळलं ना बेलाचं?"

तिनं दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. "बेल शिळा होत न्हाई, काकू. पण मावशी तर खरंच उपाशी बसती ना."

मी चपला सरकवल्या. रिक्षा मिळाली, रस्ते मोकळे, रिक्षावाला विचारतो, भरतीला का? मी हाव म्हटलं. त्यानं गाडी अशी दामटली की मी दांडा धरून बसले. चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही फाटकावर. रांगेत तिचा सातवा नंबर. आत मोबाईल नेता येत नाही, म्हणून तिनं माझ्या हातात द्यायच्या आधी फोन लावला. पहिल्याच रिंगला मावशींनी उचलला.

"मावशी, पोचले. पूजेला बस. पाणी पी."

पलीकडून काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. वर्षाराणी हसली, डोळे पुसले आणि आत गेली.

मैदानाची भिंत उंच होती. आम्ही बायका बाहेर चहाच्या गाड्यापाशी उभ्या. आतून नुसत्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि प्रत्येक शिट्टीला वाटायचं, ही तिचीच. ऊन चढलं. साडेदहाला ती बाहेर आली, गुडघ्यापर्यंत धूळ, आणि लांबूनच बोटं दाखवायला लागली. मला काही उमजेना. जवळ येऊन म्हणाली, आठशे मीटर दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. पळण्याचे पुरे गुण. एकूण पन्नासपैकी चव्वेचाळीस. मी भर रस्त्यात तिचा मुका घेतला.

संध्याकाळी चाकूरला उतरलो ते थेट दुकानात. आम्ही फोन केलाच होता. लिंबाजीभाऊ पेढे घेऊन आधीच बसलेले, लग्नाचं लेखी परीक्षा झाल्यावर बघू म्हणत होते. वर्षाराणीनं नांदेडचा उरलेला बेल मावशींपुढं ठेवला.

"मावशी, बेल शिळा होत न्हाई म्हणं."

मावशींनी पुडी उघडली, पानं बघितली, परत बांधली. "मला ठाऊक हाय की, यव्वा. तुला ठाऊक नव्हतं म्हणून जमलं."

सगळे हसले. वर्षाराणीही हसली. मग तिनं विचारलं, "मग उद्यापासून न्हाई आणला तर चालतंय?"

मावशी गुरुबसप्पांना चहा ठेवायला सांगून वळल्या. "लेखी राहिली ना अजून? उद्या ताजा आण."

दुसऱ्या दिवशी चारला मला सवयीनं जाग आली. भिंतीपलीकडं गजर वाजला नाही. थोड्या वेळानं कडी सरकली आणि गल्लीतून पावलं पळत गेली, देवळाच्या दिशेनं.