बागवाली पोरं

शाळेची परसबाग एवढी हिरवीगार कशी, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर तिथल्या मेथीची भाजी काही माझ्या घशाखाली उतरली नाही.

मी तेव्हा मास्तरीणबाई व्हायच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीनंतर मला आणि माझ्या एका मैत्रिणीला महिनाभरासाठी कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या शाळेत पाठवलं. छात्राध्यापिका असं भारदस्त नाव. काम काय, तर तिसरीच्या बाईंच्या हाताखाली हजेरी घ्यायची, खिचडीची रांग लावायची आणि महिन्यात चार पाठ घ्यायचे. चौथा पाठ बघायला आमच्या अध्यापक विद्यालयाच्या मॅडम येणार आणि त्याचेच गुण निकालात धरणार.

दीड वर्ष आम्हाला शिकवलं होतं काय? थर्माकोल कापायला आणि शब्दपट्ट्यांना चमकी लावायला. पाठाच्या टाचणवहीत आधीच लिहून ठेवायचं, ‘विद्यार्थी आनंदाने प्रतिसाद देतील.’ पोरांचं तोंड बघायच्या आत त्यांचा आनंद वहीत जमा! मी तर तो हिरव्या शाईनं लिहिला होता, कारण मॅडमना हिरवी शाई आवडायची.

तिसरीच्या बाई पन्नाशीच्या. आवाज असा, की बाहेरच्या रिक्षावाल्यानं ब्रेक मारावा. दिवसभर मोबाईलवर वरच्या ऑफिसातनं ‘माहिती तात्काळ पाठवा’ यायचं आणि बाई तात्काळ पाठवायच्या. वर्गात एकाच पोराचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्याच्याच वहीचे सहा बाजूंनी सहा फोटो जायचे, सहा पोरांच्या वह्या म्हणून. मला हसूही यायचं आणि शिसारीही.

तर तिसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले. गेटात त्यांची गाडी शिरली आणि बाई ओरडल्या, “बागवाले, उठा!” पाच पोरं टुणकन उठली. पाइप, बादल्या, खुरपी घेऊन गेली पण. मला वाटलं, आवड असेल. साहेब गेल्यावर विचारलं, तर बाई म्हणाल्या, “आवड कसली डोंबलाची? त्यांस्नी वाचाय येत न्हाई. सायबानं नेमकं त्यातलंच एक उभं केलं, की वर्गाची अब्रू गेली. त्यापरीस झाडं तरी जगत्यात.”

“पण मग त्यांना शिकवायचं कधी?”

“तू महिन्याची पावणी हायस,” बाई म्हणाल्या. “पाठ घे, गुण घे आणि जा. लई शानपणा करू नको.”

म्हणजे साहेब आले की बाग, फोटो काढायचे की बाग, पाहुणे आले की बाग. परसबागेच्या स्पर्धेत शाळेला बक्षीस मिळालेलं, त्याचं प्रमाणपत्र ऑफिसात काच लावून टांगलेलं. दोडकी तर अशी लटकायची की बघत राहावं. त्यातली निम्मी खिचडीत जायची आणि निम्मी बाईंच्या पिशवीतनं घरी. मी त्या रात्री आईला फोनवर सांगितलं, “असली मास्तरीण व्हायचं असेल तर मी शिरोळला परत येऊन ऊस लावते.” आई म्हणाली, “आधी पास तर हो.”

त्या पाचांत एक पोरगी होती. नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यांत उंच, दोन घट्ट वेण्या. बाप फौंड्रीत कामाला. पाइप कुठं धरायचा, कुठल्या वेलाला आळं करायचं, सगळं ती बाकीच्या चौघांना सांगायची. तिला अक्षरं सगळी येत होती. काना-मात्रा लागली की गाडी अडायची, एवढंच. तीन वर्षांत कुणी पंधरा दिवस जवळ बसलं असतं तर पोरगी कधीच वाचती झाली असती. बसणार कोण? माहिती तात्काळ पाठवायची होती ना!

मी बसले. बाईंना दाखवायलाच बसले म्हणा, तोरा काय कमी नव्हता माझा. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आम्ही दोघी. पहिल्यांदा काड्यांना पाट्या लावून झाडांची नावं. मेथी, दोडका, शेवगा. मग पुस्तक. बोट ठेवून, ओठ हलवत, अडत-अडत ती वाचायची. अडली की स्वतःवरच चिडायची, “थांबा बाई, सांगू नगा. मी वाचतो की!” आमच्याकडं पोरीसुद्धा अशाच बोलतात, वाचतो, जातो, येतो.

तिसऱ्या आठवड्यात तिनं एक अख्खा परिच्छेद न अडता वाचला. परत वाचला. तिसऱ्यांदा वाचताना आवाज चढला, पाणी प्यायला आलेली पोरं थांबून ऐकायला लागली. मला इतका आनंद झाला की मी तिला तिथंच शब्द दिला, “शेवटच्या पाठाला मॅडम येतील ना, तेव्हा हा परिच्छेद तू वाचायचास. बागेत जायचं नाही.”

“पावण्यांच्या समोर?”

“समोर. उभी राहून.”

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “आईला सांगितलंया. पप्पास्नी पण.”

पाठाच्या दिवशी ती नव्या लाल रिबिनी लावून आली आणि पहिल्या बाकावर बसली. पुस्तकात पानावर बोट. मी शब्दपट्ट्या लावत होते. तेवढ्यात माझी मैत्रीण शेजारच्या चौथीतून रडत बाहेर आली. तिच्या पाठाला एक पोरगं मॅडमसमोर वाचताना बंद पडलं होतं. मॅडमनी वहीत ‘वर्गाची तयारी नाही’ असा शेरा मारला आणि गुण कापले. ती मला म्हणाली, “आपली हुशार पोरं पुढं घे गं. माझं वाटोळं झालं.”

मॅडम चौथीतून निघाल्याचं बाईंनी दारातनं बघितलं. “बागवाले, उठा!”

चौघं उठले. ती उठली नाही. माझ्याकडं बघत बसली. बाईही माझ्याकडं बघायला लागल्या. “हिचं काय?”

बाई त्या दिवशी मला पेचात टाकत नव्हत्या. मी ‘बसू दे’ म्हटलं असतं तर त्यांनी बसू दिलं असतं. पोरीला येत होतं, मला माहीत होतं. पण समजा अडली तर? माझे गुण, माझा निकाल, घरी काय सांगू? एवढं सगळं माझ्या डोक्यात एका झटक्यात आलं, आणि ती मात्र त्यात कुठंच नव्हती.

मी म्हटलं, “आज तू बागेत जा. पुढच्या पाठाला वाच.”

पुढचा पाठ नव्हताच. तिलाही ते ठाऊक होतं, कारण शेवटचा म्हणून मीच दहादा सांगितलं होतं. ती बोट पानात ठेवूनच उठली. मी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. “भिजेल,” म्हटलं.

पाठ झकास झाला. मोत्यासारख्या अक्षराच्या पोरानं तोच परिच्छेद घडाघडा वाचला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, विद्यार्थ्यांनी अगदी टाचणात लिहिल्याप्रमाणं आनंदानं प्रतिसाद दिला. मॅडम म्हणाल्या, “वर्गाची तयारी उत्तम.” बाईंनी त्यांना कौतुकानं बाग दाखवली, पिशवीत दोडकी घालून दिली. जाताना बाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, “शिकलीस बघ.” मला त्या थापेचा राग यायला हवा होता. खरं सांगते, बरं वाटलं.

मधल्या सुट्टीत मी पुस्तक घेऊन कट्ट्यावर गेले. ती पाइप गुंडाळत होती. रिबिनीला चिखल लागला होता.

“चल, आता वाच. मी ऐकते.”

“मला न्हाय येत.”

“असं काय करतेस? काल तर न अडता वाचलंस.”

तिनं पाइप खाली ठेवला नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“काल येत हुतं, बाई.”

बाकीचे दोन दिवस मी ते पुस्तक घेऊन तिच्या मागं-मागं हिंडले. तिनं तोंड उघडलं नाही. शेवटच्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं, मागं कुणी पाहुणा नव्हता, साहेब नव्हता, मॅडम नव्हत्या. मला बघून ती आपली आपणच उठली आणि बादली घेऊन बाहेर गेली.