फरशीखाली बुजवलेलं अर्थिंग

“हात लावू नको मशीनला! मागे हो!” आई ओरडली, तोवर बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनचा शॉक खाऊन मी खोलीच्या दुसऱ्या भिंतीला जाऊन आदळलो होतो. ही उडी सांगताना मी नेहमी पंधरा फुटांची सांगतो. खोली दहाची आहे.

आईने मेन स्विच पाडला. मशीन गप्प झालं. दोन वर्षं बाबांचा श्वास त्याच्याच भरवशावर चालला होता. मी त्यांच्या नाकातली नळी छोट्या सिलिंडरला जोडली. त्यात जेमतेम दोन तासांचा ऑक्सिजन होता.

खाडीकडच्या गावातला आमचा वायरमन धावत आला. क्षणभर मेन चढवून, सगळीकडे टेस्टर लावून म्हणाला, “दादा, विहिरीचा पंप लीक हाय. त्याचा करंट अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत जायला पायजे. ती वाट बंद, म्हनून घरातल्या सगळ्या मशिनींच्या अंगावर चढलाय. अर्थिंगचा खड्डा कुठाय?”

मी अंगणाकडे बोट दाखवलं. उन्हाळ्यात मी तिथे फरशी घातली होती. तिच्यावर विमान उतरेल, असं आचोळ्याच्या सासुरवाडीपर्यंत सांगून आलो होतो. खड्ड्याचं झाकण डिझाइनच्या मधोमध येत होतं. मीच मिस्त्रीला म्हटलं होतं, काप ती वायर आणि बुजव.

“पंप काढून ठेव ना, मशीन तर चालू करू.”

“अर्थिंगशिवाय? आनि मशीनच्या आतलं कार्ड जळलं तर बापाला काय लावशील?”

मी घण उचलला. सुदैवाने फरशी माझ्या वर्णनाइतकी पक्की निघाली नाही. खाली पाइप सापडला, भोवतीचा मीठ-कोळसा कोरडा ठाक. “पानी घाल,” वायरमन म्हणाला. मी बादल्या ओतत राहिलो, त्याने पंप सोडवून नवी वायर जोडली. आई खिडकीतून दर दोन मिनिटांनी सिलिंडरचा काटा सांगत होती. नंतर तिने सांगणं बंद केलं. मला विचारायचा धीर झाला नाही.

मीटर लावून वायरमनने मान डोलावली. मेन चढवला. मशीन एकदा किंचाळलं, थांबलं, आणि मग हिरवा दिवा लागला. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात टेकला होता.

संध्याकाळी मी बाबांच्या पलंगाशी बसलो. दोषात कुणीतरी वाटेकरी हवा होता मला. “बाबा, तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं. वायर कापू नको म्हणून सांगितलं का नाही?”

त्यांनी नाकातली नळी सारखी केली, दोन श्वास घेतले.

“सांगितलं होतं. तू बोलत होतास.”