कोहळ्याले दाखवलेलं बोट

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, मित्राले नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — त्याले माहीतच असेल म्हणून सोडून दिलं. मग तुमाले कावून सांगून राहिलो? ते मलेच नीट समजत नाही. ऐका म्हणजे झालं. मध्येच थांबलो तर समजून घ्या, कारण या गोष्टीपाशी आलो की मी पळ काढतो, नेहमीचंच आहे.

सुरुवात घरापासून करतो. सगळा तमाशा त्या घरामुळे झाला — पाहा, पहिल्याच वाक्यात घरावर ढकललं! घरानं काय केलं होतं बिचाऱ्यानं?

बाबा इथल्या, छत्तीसगडातल्या, स्टील प्लांटमध्ये होते. ते गेले, प्लांटचं क्वार्टर सुटलं, अन् आम्ही जवळच रिसालीत एक जुनं घर घेतलं. आम्ही म्हणजे आई, मी, माझी बायको वंदना, पाच वर्षांची तनू अन् नुकताच रांगायले लागलेला गोलू. घराले ओल होती, फरशी उखडली होती, अन् खोली एक कमी होती. मी म्हटलं, राहता राहता करून घेऊ दुरुस्ती, त्यात काय आहे? घर पाहावं बांधून म्हणतात. ज्यानं ही म्हण काढली त्यानं लेकराबाळांसकट राहत्या घरात तोडफोड केली नसेल, नाही तर म्हण काढायले तो शुद्धीवरच राहिला नसता.

काय सांगू तुमाले! स्वयंपाक हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी गॅस. बाथरूमले दार नाही, साडीचा पडदा, आत जाणाऱ्यानं खोकत राहायचं. वरणात रेती, गादीत रेती, तनूच्या वेणीत रेती. गोलू जमिनीवर सोडला की भिंतीचा चुना चाटायचा. उचलून घेतला की भोकाड पसरायचा. मी जामुलच्या सिमेंट फॅक्टरीतून दिवसभर धूळ खाऊन यायचो, अन् घरी आलो की तीच सिमेंटची धूळ ताटात वाढलेली. अन् आमचा मिस्त्री? तो रोज जाताना म्हणायचा, "काली आहूं, भैया," म्हणजे उद्या येतो. आता छत्तीसगढीत 'काली' म्हणजे उद्याही होते अन् कालही होते. हा गडी त्यातला कोणता 'काली' धरून चालायचा, ते त्याचं त्यालेच माहीत.

तरी मिस्त्रीवर राग काढून फायदा नव्हता. काम अडलं होतं ते माझ्या आईमुळे. म्हणजे आईमुळे नाही — आईच्या वेलामुळे.

मागच्या अंगणात पोरांसाठी खोली काढायची होती. अन् तिथेच, बरोब्बर तिथेच, आईनं भाज्या लावल्या होत्या. आई गोंदियाकडच्या शेतकऱ्याच्या घरची. क्वार्टरच्या मागे तिनं सारी जिंदगी वांगी-टमाटर पिकवले. इथे आल्या आल्या, सामान सोडायच्या आधी तिनं माती भुसभुशीत केली. वांग्याची रोपं तिनं माझ्या सांगण्यावरून हलवली, मिरच्या हलवल्या. पण कोहळ्याचा, म्हणजे तुमच्या लाल भोपळ्याचा, वेल हलवते काय? तो विटांच्या ढिगावर चढला, तिथून कंपाउंडवर गेला, अन् त्याले मुठीएवढी कवळी कोहळी लागली. आईनं फर्मान काढलं — फळं उतरेपर्यंत तिथे फावडं लावायचं नाही. मिस्त्रीले तेच पाहिजे होतं. त्यानं लगेच जुनवानीले दुसरं काम धरलं.

आता एक गोष्ट सांगून ठेवतो, नाही तर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे कवळ्या फळाले बोट दाखवत नाहीत. बोट दाखवलं की फळ सडते, गळून पडते. तुमच्या घरीही म्हणत असतील. दाखवायचंच असेल तर मूठ वळून दाखवायचं. अन् चुकून बोट गेलंच, तर ते बोट दातात धरून चावायचं. आईनं हे तनूले पहिल्याच दिवशी शिकवलं. तनू रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मूठ पुढे करून एकेका कोहळ्याले "हे माझं, हे गोलूचं, हे आजीचं" म्हणायची. माझ्या नावाचं एकही नव्हतं. मी चिडवायचो तिले त्यावरून.

हां. तर त्या दिवसाकडे येतो.

आदल्या दिवशी गोलूनं खिळा तोंडात घातला. वंदनानं बोट घालून काढला, त्याले धपाटा दिला, मग स्वतःच रडली, अन् बॅग भरली. "खोली झाली की फोन करा," म्हणाली, अन् पोराले घेऊन राजनांदगावले माहेरी निघून गेली. तनूची शाळा होती म्हणून ती राहिली. सकाळी मी आईसमोर हात जोडले. म्हटलं, आई, बाजारात ढिगानं कोहळी पडली आहेत, मी तुले पोतं आणून देतो, हा वेल काढू दे. आई काय म्हणाली? "वेल काय तुह्या डोक्यावर चढून राहिला काय रे?" अन् शेंगा सोलत बसली.

हो ना! डोक्यावरच तर चढला होता!

मी त्या दिवशी सुट्टी टाकली होती. दुपारी आई अन् तनू समोरच्या खोलीत झोपल्या होत्या. मिस्त्रीनं फरशी धुवायले ॲसिडची कॅन आणून ठेवली होती, मागच्या दाराशी. मी ती उचलली. कशाले उचलली? बाजूले ठेवायले. वाटेत होती. अन् ठेवता ठेवता ती वेलाच्या बुडाशी थोडी सांडली —

नाही. सांडली नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनातही 'सांडली'च म्हणत आलो. मी झाकण फिरवून काढलं. वाकलो. ओतलं. माती फसफसली, नाकात झार गेली, डोळ्यांत पाणी आलं. अन् खरं सांगू? लय बरं वाटलं मले. कितीतरी दिवसांनी घरातली एक गोष्ट माझ्या मनासारखी होऊन राहिली होती. मग पाय फिरवून वरून कोरडी माती टाकली अन् आत येऊन चहा मांडला.

एवढंच असतं तर मी तुमाले बसवून घेतलं नसतं. वेल मारला, आईशी दगा केला — वाईट आहे, पण घरोघरी याहून वाईट होते. मायलेकाचं भांडण झालं असतं अन् मिटलंही असतं. गोष्ट पुढची आहे.

वेलानं आधी, उन्हात टाकतो तशा माना टाकल्या. मग पानं करपली. मग कोहळी पिवळी पडून, देठाशी मऊ होऊन, एकेक गळायले लागली. एका सकाळी आई तिथे येऊन उभी राहिली. तनू तिच्या पदराले धरून. मी दारात, हातात टिफिन, कामावर निघालेलो.

आई म्हणाली, "कोणी बोट दाखवलं ओ?"

तनू लगेच बोलली. "मी नाही, आजी! मी मूठ केली होती. रोज मूठच केली." अन् तिनं मूठ वळून दाखवली — अशी, अंगठा आत घालून.

आईनं विश्वास ठेवला. हे लक्षात घ्या. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "नाही ना, तू गुणाची आहेस." अन् मग ती खाली बसली. वेलाच्या बुडाशी. तिले मातीतलं कळत होतं, जन्म गेला होता तिचा मातीत. तिनं वरची माती बोटांनी सारली. खालची पांढुरकी दिसली. तिनं चिमूट उचलली, नाकाजवळ न्यायले लागली —

अन् मी बोललो. "तनूच दाखवत होती बोट. मी पाहिलं."

आईचा हात थांबला. चिमूट खाली पडली. मी सुटलो.

तनू रडली असती, ओरडली असती, "बाबा खोटं बोलतात" म्हणाली असती, तर — तर काय? मी तिलेच रागावलो असतो, दुसरं काय! पण ती रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं आपली मूठ उघडली, ते बोट वेगळं केलं अन् त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. अन् हळूच विचारलं, "हो काय, बाबा?"

तिले खरंच माहीत करून घ्यायचं होतं हो. ती मलेच विचारून राहिली होती की तिनं काय केलं.

मी म्हटलं, "हो."

मग ती रडली. आईनं रागावलं नाही, जवळ घेतलं, फक्त म्हणाली, "चाव ते बोट, बाई." पोरगी चावत बसली. आई "पुरे" म्हणाली तरी सोडेना. दातांचे वळ उठले. मी टिफिन घेऊन बस पकडायले निघून गेलो. संध्याकाळी मिस्त्री परत आला अन् कॅन हलवून म्हणाला, ॲसिड एवढं कमी कसं झालं? मी म्हटलं, बाथरूम धुतली. बायको नसताना बाथरूम धुणारा नवरा! आई शेजारीच होती. तिनं ऐकलं, कॅनकडे पाहिलं अन् आत निघून गेली. तिले तेव्हा समजलं काय? नातीपुढे लेकाले उघडं पाडायचं नव्हतं काय? मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत पाहिजे ना.

वेल उपटला. खोली झाली. वंदना आली, गोलू आला, घराले दारं आली. आईनं समोरच्या पट्टीत भेंडी लावली अन् भेंडी भरभरून आली. सगळे खूश. मी स्वतःले सांगितलं, लेकरू आहे, लेकरू विसरते.

अन् तनू विसरली ना! तेच तर सांगून राहिलो. काय विसरली ते ऐका.

थोड्याच दिवसांत तिले एक सवय लागली. "बाबा, मी दप्तरात पेन्सिल ठेवली ना? तुमी पाहिलं ना?" "आई, मी नळ बंद केला ना? तू पाहिलं ना?" आधी आम्ही हसायचो. मग वंदना वैतागायले लागली. मी तर जास्तच वैतागायचो — मीच! एकदा सायकलचं कुलूप लावलं की नाही म्हणून ती रस्त्यातून परत यायले लागली, तर मी सगळ्यांसमोर खेकसलो, "स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही काय तुले?" असं म्हणालो मी. या तोंडानं म्हणालो. शाळेतल्या बाई म्हणायच्या, पोरगी हुशार आहे, पण येत असलेलं उत्तरही दुसऱ्याले विचारून लिहिते. वंदना म्हणायची, कोणावर गेली काही समजत नाही. मी पेपर वाचत बसायचो.

सांगायची संधी नव्हती असं नका समजू. हजार वेळा होती. ती दहावीत असताना पेपर देऊन आली अन् दारातच रडायले लागली, की रोल नंबर लिहिला की नाही ते आठवत नाही. मी तिच्याजवळ बसलो. शब्द अगदी ओठावर आले होते. मग मनात आलं, आता हिची परीक्षा चालू आहे, आत्ता नको. पाहा कसं असते — भ्याडाले कारण शोधत फिरावं लागत नाही, ते त्याच्या दारात येऊन बसते.

आता ती कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. आई खाटेवर बसली होती. ती आता थकली, पण कान शाबूत आहेत. वंदनानं कोहळ्याच्या घाऱ्या केल्या होत्या. मैत्रिणी खाऊन राहिल्या होत्या, तर तनूले जुनी गोष्ट आठवली. अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत, मस्त रंगवून सांगायले लागली — कसं तिनं लहानपणी आजीचं कोहळं सडवलं. पोरी हसून राहिल्या होत्या. एक म्हणाली, अरे, पाच साल की थी, तुझे क्या याद होगा?

तनू म्हणाली, "अगं, मले पक्कं आठवते. अजून डोळ्यांसमोर दिसते ना! ते सगळ्यात लहानवालं होतं. मी हे बोट असं सरळ त्याच्यावर धरलं होतं."

अन् तिनं धरून दाखवलं.

मुठीचं काही बोलली नाही. मूठ तिले आठवतच नाही. तिच्या डोक्यात आता ते आहे जे मी तिथे ठेवलं, अन् जे तिचं स्वतःचं होतं, खरं होतं, ते गेलं. आई खाटेवरून माझ्याकडे पाहून राहिली होती.

तनू हसत माझ्याकडे वळली. "विचारा ना बाबाले! बाबा होते तिथे. बाबांनी पाहिलं होतं. हो ना, बाबा?"

मी म्हटलं, "हो."