मावसाजींचा अपुरा फोन

नागपुरात फोन उचलणारे लाखो असतील, पण फोन ठेवावा कसा हे कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे मावसाजी. टेलिफोन खात्यात उभी हयात गेल्यामुळे ‘हँग अप’ या इंग्रजी शब्दावर आपली मालकी आहे असं ते समजतात. प्रताप नगरातल्या त्यांच्या घरी चहा हवा असेल तर आधी त्या शब्दाचं मूळ ऐकावं लागतं. जुना फोन भिंतीवर असायचा, कानाला लावायचा भाग वेगळा. बोलणं संपलं की तो वर आकड्याला टांगायचा. त्याच्या वजनानं आकडा खाली बसायचा आणि लाईन तुटायची. म्हणून ‘हँग’ म्हणजे टांगणे, ‘अप’ म्हणजे वर, आणि दोन्ही मिळून बोलणं संपवणे. “टांगाले हात वर न्या लागे गा,” ते म्हणतात, “तेवढ्यात मानसाचा राग उतरे.”

समोरच्याला न विचारता फोन ठेवणं त्यांच्या लेखी भरल्या ताटावरून उठण्यासारखं. एकदा वर्धा रोडवरचे प्लॉट विकणाऱ्या मुलीला त्यांनी “ठेवू का बेटा?” असं चारदा विचारलं. तिचं आपलं एकच, “काका, साइट पाहायला या.” परवानगी मिळेना, तेव्हा मावसाजी खरोखरच प्लॉट पाहून आले.

अशा माणसाचा फोन सख्ख्या थोरल्या भावानं मधेच कापावा! या भाऊंचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे आणि घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, दरवर्षी त्यांच्याकडेच बसतात. तीन वर्षांपूर्वी सणाच्या तोंडावर मावसाजींनी सुरुवात केली, “भाऊ, तुमच्यानं आता होत नाही...” एवढं ऐकलं, धाकटा महालक्ष्म्या मागतोय असं वाटलं आणि भाऊंनी फोन बंद केला. पुढचं वाक्य राहूनच गेलं. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं नाही, सणाला जाणं-येणं नाही. मावसाजी वरकरणी मजेत असत, पण महालक्ष्म्यांच्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

गेल्या भाद्रपदात त्यांनी एकदम जाहीर केलं, “भाऊनं फोन टांगला कुठं? मोबाइलले आकडाच नाही. म्हणजे आमचं बोलणं अजून सुरूच आहे.”

“मंग पुरं करून या नं जी,” मावशी म्हणाली.

मला सोबत घेऊन ते इतवारीत पोचले. भाऊ पितळी गंजांच्या, म्हणजे पातेल्यांच्या, उतरंडीआड बसले होते. नमस्कार-चमत्कार काही नाही, मावसाजी उभ्या उभ्या म्हणाले, “कारण वहिनीचे गुडघे दुखून राहिले. तुम्ही एकट्यानं किती करसान? आम्ही दोघं येतो कराले.”

“काका,” पुतण्या हळूच म्हणाला, “बाबांले वर्ष झालं, ऐकूच येत नाही.”

भाऊंनी मात्र स्टूल पुढे सरकवलं. मावसाजी बसले आणि भाऊंच्या कानाशी तोंड नेऊन तेच वाक्य पुन्हा म्हणाले, मग आणखी एकदा. भाऊ दर वेळी मान हलवत आणि पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत राहत.

त्या महालक्ष्म्यांचं पुरण मावशीनं भाऊंच्या घरी घातलं. मावसाजी आता रोज दुपारी तिकडे जातात आणि ते एक वाक्य मोठ्यानं सांगतात. तीन वर्षं आधी गेले असते, तर एकदाच सांगून भागलं असतं.