अपूर्वाचं उन्हावर उडणारं विमान

अपूर्वा रडली नाही, हेच तिच्या आईला, प्रियदर्शनीला सलत होतं. लहानपणी पतंग फाटला तरी घर डोक्यावर घेणारी ही पोर. काल म्हसवडच्या माळावर आठ महिन्यांचं काम डोळ्यांदेखत फाटलं, तर नुसती तुकडे गोळा करत राहिली.

अपूर्वाचं कॉलेज सांगलीला, खोली तिथेच विश्रामबागला, पण जीव सगळा त्या रिमोटच्या विमानात. तीन मीटरचे पंख, वर सोलरच्या पट्ट्या, त्यांवर पातळ प्लॅस्टिक, कडांना चिकटपट्टी. पंखांच्या लाकडी फासळ्या तासायला शिकायचं म्हणून दर रविवारी मिरजेला एका तंबोरेवाल्याकडे जाऊन बसायची. "पोरी, तुझा हात आमच्या धंद्यातला," असं तो म्हणायचा. प्रियदर्शनीला घोर वेगळाच. पुण्याच्या नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं.

"दिवसभर उडालं तर मी कॉलेजात सरांकडे याच कामात राहणार," अपूर्वाने सांगून टाकलं होतं. "नाही उडालं तर पुणे. मग तर खूश?"

काल सकाळी ती वारा बघायला पुढे माळावर गेली, तेव्हा प्रियदर्शनीने गाडीतल्या पंखांवर म्हसवडच्या सिद्धनाथाचा गुलाल उधळला. नवा ट्रॅक्टरसुद्धा गुलालाशिवाय जागचा हलत नाही, हे तर लेकीचं विमान! मग पट्ट्या गुलाबी झालेल्या बघून तिची गाळण उडाली. पट्ट्यांवर धूळही नको, असं अपूर्वाने बजावलं होतं. तोंडावरचा गुलाल काढतात तसा तिने तो खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसून काढला.

"किती चकचकीत पुसलंस गं!" अपूर्वा म्हणाली.

विमान चाळीस मिनिटं छान तरंगलं. मग पंखाची कड फडफडायला लागली.

"आवं ताई, त्येची सालच निघाली की!" शेजारी उभा असलेला मेंढपाळ बिराप्पा ओरडला. बघता बघता प्लॅस्टिक पार सोलून निघालं, विमान गिरक्या खात खडकावर आपटलं.

तुकडे वेचताना प्रियदर्शनीच्या हाती चिकटपट्टी आली. चिकट बाजू बुळबुळीत, गुलाबी, आणि वास खोबरेलाचा. तेल कडेने आत झिरपलं होतं.

"माझंच चिकटवणं कच्चं राहिलं, आई," अपूर्वा म्हणाली. "तू म्हणायचीस तेच खरं. हे माझं काम नव्हे."

प्रियदर्शनीने तेलाचं सांगितलं नाही. अपूर्वा सांगलीला निघाली तेव्हा नाही, स्वतः साताऱ्याला घरी आल्यावर नाही, आज दुपारपर्यंतही नाही.

आता मोबाइलवर अपूर्वाचे चार शब्द आले होते : 'पाचला पुण्याला होकार कळवतेय.'

याच होकारासाठी तिने देव पाण्यात ठेवले होते. आणि आता तोच नको झाला होता. पोरगी जन्मभर स्वतःच्या हातांना दोष देणार, आणि तोही आईचा दोष! खरं कळल्यावर चिडेल, महिना महिना बोलणार नाही. नाही बोलली तर नाही.

पाचला वीस मिनिटं कमी होती. निरोप लिहून भागण्यासारखं नव्हतं. तिने अपूर्वाला फोन लावला.