दुर्वालिनोमधला 'लिनो'

आमच्या टेकडीवर दुर्वालिनोची गाणी न येणारा माणूस सापडणार नाही, आणि ती दुर्वालिनोची आहेत हे ठाऊक असलेलाही सापडणार नाही. रिओत सांब्याचं गाणं रचणं सोपं आहे, ते आपल्या नावावर ठेवणं महाकठीण.

धंद्याने तो नळ दुरुस्त करणारा. लोकांच्या मोरीत पान्याने नळावर ठोके देत चाल बांधायचा आणि ती जमली की गुत्त्यात येऊन गाऊन दाखवायचा. तिथेच घात व्हायचा. आमच्याकडे भागीदारीची रीत आहे. गाण्याला एखादा शब्द दिला की तो माणूस भागीदार. सिप्रियानो खाटकाने एकदा 'आहा' दिला. आमच्या सांबा मंडळाच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याने तेवढंही दिलं नाही, नुसती मान डोलावली. दोघेही रचनाकार झाले. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

मंडळाच्या मैदानावर सांबा सुरू होण्याआधी माइकवर रचनाकारांची नावं पुकारतात. भिडस्त दुर्वालिनो आपलं नाव सगळ्यांच्या शेवटी घालायचा आणि पुकारणाऱ्याचा दम त्याच्या आधीच संपायचा. मी मंडळात मोठा ढोल वाजवतो, म्हणून माझ्याजवळ तो मन मोकळं करायचा. "एकदाच रे," म्हणायचा, "एकदाच मैदानभर माझं नाव ऐकू दे. मग मेलो तरी चालेल."

"मरायचं नाव काढू नकोस," त्याची बायको जुरेमा म्हणायची. "थडग्यावरसुद्धा खाटकाचं नाव घालतील!"

मग एका वर्षी, पैसे देऊन साबणावर मिरवणूक काढायला सांगणाऱ्या कंपनीने ऐनवेळी पाठ फिरवली आणि कार्निव्हलच्या मिरवणुकीला विषयच उरला नाही. तेव्हा कुठे मंडळाला आपल्यातल्या थोर कलावंताची आठवण झाली. विषय ठरला : 'दुर्वालिनो, जीवन आणि वारसा'. त्यावरच्या सांब्यासाठी रीतीप्रमाणे स्पर्धा लागली. दुर्वालिनोनेही मोठ्या हौसेने गाणं दिलं, आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. परीक्षक म्हणाले, "चाल बरी आहे, पण रचनाकाराला विषय नीट समजलेला नाही."

जिंकला सिप्रियानो, सात भागीदारांसह. त्याचं धृपद होतं, "दुर्वाल, दुर्वाल, टेकडीचा लाल!"

जुरेमा तडक अध्यक्षांच्या खोलीत घुसली. "हा दुर्वाल कोण?"

"वहिनी, लाडाने म्हणतात हो," अध्यक्ष म्हणाले.

"लाड करायला मी आहे ना! मीसुद्धा पूर्ण नाव घेते. पूर्ण नाव गा, नाहीतर मिरवणुकीच्या तुमच्या त्या सजवलेल्या गाडीवर त्याच्याऐवजी खाटकाला बसवा."

सत्कारमूर्तीच नाही तर मिरवणूक कसली? अध्यक्ष नरमले. पुढच्या तालमीला गर्दीने मैदान गच्च भरलं. माइकवरून नवं धृपद आलं, "दुर्वालिनो, दुर्वालिनो..." दुर्वालिनोने डोळे मिटून घेतले होते. जन्मभर ज्यासाठी झुरला ते त्याच्या कानावर पडत होतं.

पण त्या 'लिनो'ला तालात जागाच नव्हती. माझा ढोल आधी पडला, गाणारे मागे राहिले, घेरदार घागऱ्यांत गिरक्या घेणाऱ्या म्हाताऱ्या एकमेकींवर आदळल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा विस्कटलं. आपलं 'दुर्वाल' परत आणायला सिप्रियानोला बोटही हलवावं लागलं नाही. दुर्वालिनोने डोळे उघडले आणि हात वर केला.

"थांबा. 'लिनो' काढा."

"अरे, तुझं नाव आहे ते!" मी ओरडलो.

"ठाऊक आहे मला. पण एवढी माणसं ठेचकाळतायत."

मला त्याचा भयंकर राग आला. वाटलं, हा मूर्ख आहे आणि मूर्खच मरणार. मग सगळं मैदान एका दमात 'दुर्वाल, दुर्वाल' गाऊ लागलं, ताल असा बसला की माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याचाही मला राग आला.

मिरवणुकीच्या दिवशी तो पांढरा सूट घालून उंच गाडीवर उभा राहिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे हजारो लोक त्याला दुर्वाल म्हणून गात होते आणि तो हात हलवत होता. खाली उतरल्यावर टीव्हीवालीने त्याच्या तोंडासमोर माइक धरला.

"आजोबा, सगळ्या देशाला तुमचं नाव सांगा!"

म्हाताऱ्याने मान मागे वळवली. मागे आमचे ढोल अजून चालूच होते.

"दुर्वाल," तो म्हणाला, बरोबर ठोक्यावर.

"मेल्या, आणि 'लिनो'?" जुरेमा किंचाळली.

"बसत नाही गं," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.